अक्काकडे जायचं ठरलं तेव्हा

सासऱ्यांच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची संधी सगळ्याच सुनांना मिळत नाही. मला मिळाली, आणि तीही त्यांच्याच हुकमावरून. फेब्रुवारी संपत आला होता, उदगीरचं ऊन आत्तापासूनच चटके देऊ लागलं होतं, आणि आमच्या गच्चीवर, आमच्याच दुकानातल्या सगळ्यात मोठ्या पितळी परातीत माझे सासरे मन्मथअप्पा होनराव हिरवा रेनकोट घालून, टोपीचे बंद हनुवटीखाली आवळून, हळदीला आणलेल्या नवरदेवासारखे अवघडून उभे होते. परात अशासाठी की पाणी वाया जाऊ नये. नळ आठवड्याने यायचा. बादलीतलं पाणीसुद्धा धुण्याचं होतं आणि अप्पांच्या अंगावरून उतरलं की ते कढीपत्त्याच्या झाडाला जाणार होतं.

"ओत," ते म्हणाले. "मुसळधार ओत. तिथं काही रिमझिम नसती."

मी ओतलं. जरा मनापासूनच ओतलं.

गच्चीच्या मधोमध कमरेएवढी भिंत आहे. भिंतीपलीकडे अगदी तसाच हिरवा रेनकोट घालून माझे चुलतसासरे वैजनाथअप्पा उभे होते. लातूरच्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी, पण वेगवेगळ्या एसटीने जाऊन दोघांनी ते आणले होते. दुकानदाराने भर उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन रेनकोट विकले आणि दोन्ही म्हाताऱ्यांना पाणी विचारलं म्हणे, डोक्यावर परिणाम झाला असेल या भीतीने. धाकट्या अप्पांनी आमच्याकडे बघितलं नाही. पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कावळ्याला ते म्हणाले, "खांद्याच्या शिवणीतून गळतं हे. आतून मेण लावावं लागतं."

थोरले अप्पा परातीतून बाहेर आले, बनियन चाचपलं. खांदा ओला होता. ते मला म्हणाले, "शिवकांता, कावळ्याला सांग, आम्हाला कळतं."

असं दहा-अकरा वर्षं चालू होतं. होनराव बंधू एकमेकांशी बोलत नसत. एका दुकानाची दोन दुकानं झाली होती, पाट्या दोन, शटर दोन. एका बाजूला तांब्या-पितळ, दुसऱ्या बाजूला स्टील. घर एकच, पण जिना वेगळा आणि चूल वेगळी. निरोप असला की तो माझ्यामार्फत जायचा. मी कन्या शाळेत भूगोल शिकवते. देशांच्या सीमा शिकवायला मला नकाशा लागत नसे, घरातच सोय होती. माझे यजमान राजशेखर या सगळ्यात पडत नसत. ते दुकानात पडून राहत.

भांडण कशावरून, ते गावाला ठाऊक होतं ते वेगळं आणि घरात होतं ते वेगळं. गावाला वाटे, वाटणीवरून. घरात मात्र त्याचं नाव अक्का होतं.

गिरिजाअक्का ही दोघांची मोठी बहीण. हैदराबादेत नर्सिंग शिकली, तिथून कॅनडाला गेली आणि तिथल्या एका मासेमाराशी लग्न करून मोकळी झाली. होनरावांच्या घरात अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आलं नव्हतं, आणि पोरगी थेट मच्छीमाराच्या घरात. तिच्या वडिलांनी तिच्या नावाने आंघोळ केली. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या त्या त्यानंतर, म्हणजे घरातल्या कुठल्याही सुनेने अक्काला पाहिलं नव्हतं. पुढे वडील गेले. मग आई अंथरुणाला खिळली आणि तीन वर्षांनी गेली. अक्का आली नाही.

ती का आली नाही, हे घरात खूप वर्षांनी कळलं. लातूरचे एक डॉक्टर मुलीकडे कॅनडाला जाऊन आले, तिथे कुठल्याशा समारंभात त्यांना अक्का भेटली. त्यांनी येऊन सांगितलं की आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा अक्काने फोन केला होता, आणि घरातूनच तिला 'येऊ नकोस' म्हणून सांगण्यात आलं. बस्स. त्या दिवशी थोरल्या अप्पांनी धाकट्याकडे बघितलं, धाकट्याने थोरल्याकडे, आणि दोघांच्याही मनात एकच आलं. शपथा झाल्या, गळ्यातल्या लिंगाला हात लावून झाला, आणि मिस्त्री आला तो गच्चीवर भिंत बांधायला.

अशा घरात त्या फेब्रुवारीत अक्काचा फोन आला. दुकानाच्या पाटीवरचा नंबर तिला डॉक्टरांकडून मिळाला होता. फोन राजशेखरनी घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुकान उघडं टाकून ते धावत घरात आले. अक्काचा नवरा वारला होता. ती म्हणाली, मी आता म्हातारी झाले, एकदा या. मे महिन्यात या, तेव्हा इथे वसंत असतो. इथला समुद्र, इथलं जंगल बघा. दोन तिकिटं मी पाठवते. पण यायचं तर दोघांनी मिळून. एकटा कोणी आला तर त्याला विमानतळावरूनच परत पाठवीन.

मी नकाशा काढला. कॅनडाचा पश्चिम किनारा, वर अलास्काच्या कोपऱ्याशी, प्रिन्स रुपर्ट नावाचं गाव. बारा महिने पाऊस. मागे डोंगर, पुढे समुद्र, आणि मध्ये असं जंगल की झाडांच्या अंगावर शेवाळाच्या गोधड्या लोंबतात. मे महिन्यात आमच्याकडे कावळे चोची उघड्या टाकून बसतात त्या दिवसांत तिथे अस्वलं झोपेतून उठून खाडीच्या तोंडाशी गवत खायला येतात, असं अक्काने सांगितलं होतं.

"गवत?" थोरल्या अप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, गवतच.

"म्हणजे शाकाहारी आहेत," ते समाधानाने म्हणाले, आणि जायचं ठरलं. पुढच्या मोसमात तीच अस्वलं मासे मारून खातात, हे मी काही बोलले नाही.

एकाने हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही म्हणता येईना. नाही म्हणणं म्हणजे अक्काला 'येऊ नकोस' म्हणणारा आपणच, अशी कबुली. मग तयारी सुरू झाली, आणि ती दोन्ही जिन्यांवर एकदम सुरू झाली. थोरल्यांनी गमबूट घेतले की धाकट्यांच्या घरात संध्याकाळपर्यंत गमबूट. धाकट्यांनी आल्याच्या वड्या बांधल्या, बोट लागू नये म्हणून, की इकडे आलं किसायला बसायचं. पासपोर्टच्या कचेरीत बाईने बरोबरच्या माणसाशी नातं काय म्हणून विचारलं तेव्हा थोरले अप्पा म्हणाले, शेजारी.

आठवड्यातून एकदा अक्का फोन करायची, तो मी घ्यायचे आणि सूचना लिहून दोन्हीकडे पोहोचवायचे. विमानात खिडकी कोणाला, हा प्रश्न मी जाताना एकाला आणि येताना एकाला देऊन सोडवला. पण एक सूचना अशी आली की मलाही घाम फुटला. अक्का म्हणाली होती, जंगलाच्या वाटेने चालताना एकमेकांशी मोठ्याने बोलत राहायचं. अस्वलाला माणसाची चाहूल लागली की ते आपणहून बाजूला होतं. गप्प चाललात आणि अवचित समोर आलात, तर मग त्याचा नेम नाही.

मी हे दोन्ही जिन्यांवर सांगितलं. थोरले अप्पा बराच वेळ विचार करत राहिले.

"भजन म्हटलं तर चालेल का?" त्यांनी विचारलं.

धाकट्यांनीही नेमकं तेच विचारलं. फक्त त्यांचं म्हणणं होतं की आपण झांजा नेऊ.

या सगळ्या गडबडीत माझ्या सासूबाई दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या. सुगलाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणते. एरवी त्यांच्या तोंडाला विसावा नसे. घरात मी चहात साखर किती घातली यावर त्या सकाळपासून दुपारपर्यंत बोलू शकत. पण त्या दिवसांत भाकरी करपायची आणि त्यांना पत्ता नसायचा. मध्येच म्हणायच्या, "कामून जायचं तिथं मरायला? पाऊस बगायचाय तर कोकणात जावा." एकदा धाकट्या अप्पांनी मेण मागायला मला आवाज दिला तेव्हा त्यांनी डब्यात मेण असून नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं, दोन तिकिटांत आपलं नाव नाही म्हणून या फुगल्यात. मला जरा गंमतही वाटली. मनात म्हटलं, मासेमाराची बायको भावांना बोलावते, भावजयीला कोण विचारतं.

मार्चमध्ये अक्काने सांगितलं की तिकिटं काढायच्या आधी मला दोघांशी एकत्र बोलायचंय. एका खोलीत, एका फोनवर. मी दोन दिवस खाली-वर केलं. शेवटी रविवारी सकाळी दुकानांच्या मागच्या खोलीत बसायचं ठरलं, कारण तिला दोन्ही दुकानांकडून दारं आहेत आणि कोणी कोणाकडे गेलं असं होत नाही. थोरले अप्पा पितळेच्या दाराने आले, धाकटे स्टीलच्या. एकाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं, दुसऱ्याने धाकट्या काकूंच्या हार घातलेल्या फोटोकडे. काकू चार वर्षांपूर्वी वारल्या. त्यांचा फोटो त्या खोलीत कसा आला ते सांगायचं तर, वाटणीत ती खोली राहूनच गेली होती, आणि धाकट्या अप्पांनी तेवढ्यात फोटो लावून टाकला होता. आत्याबाई कोपऱ्यात सूप घेऊन तूर निवडत बसल्या. त्यांना या म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

मी मोबाइल एका उपड्या पातेल्यावर ठेवला आणि स्पीकर लावला. अक्काचा आवाज त्यात घुमून खोलीभर झाला.

तिने आधी दोघांना नावाने हाक मारली. मन्मथ, वैजू. दोघांनीही 'ओ' दिली, शाळेत हजेरीला द्यावी तशी. मग तिने तिथल्या पावसाचं सांगितलं, बोटवाल्याशी बोलणं झाल्याचं सांगितलं, डाळ-तांदूळ कुठे मिळतो ते सांगितलं. तिची भाषा ऐकून मला नवल वाटत होतं. उदगिरात आता कोणी बोलत नाही अशा जुन्या हेलात ती बोलत होती. थोरले अप्पा हळूहळू पातेल्याकडे वळले. धाकटेही वळले. मला वाटलं, आज काहीतरी चांगलं होतंय, आणि मी चहा ठेवायला उठणार एवढ्यात अक्का म्हणाली, "हे बघा, डॉक्टर उगीच बोलून गेले. त्यावरून तुम्ही भांडलात म्हणे. मी मनात काही ठेवलेलं नाही. आई स्वतःच म्हणाली येऊ नको, त्याला तुम्ही दोघं काय करणार?"

खोलीत सुपाचा आवाज थांबला.

"आई म्हणाली?" थोरल्या अप्पांनी विचारलं.

"तिनेच फोन घेतला होता. लाइनवर खरखर होती. मी विचारलं, आई का? ती हं म्हणाली. मी म्हटलं, येऊ का मी? तर म्हणाली, येऊ नको, आता काय उपयोग. आणि ठेवला. डॉक्टरांना हे कसं सांगणार. परक्या माणसाला आईचं असं सांगवत नाही. म्हणून घरातून म्हणाले, एवढंच बोलले."

धाकटे अप्पा थोरल्यांकडे वळले. कावळ्याकडे नाही, माझ्याकडे नाही. थेट भावाकडे.

"दादा," ते म्हणाले, "आईची वाचा तर आधीच्या दिवाळीतच गेली होती."

"हो," थोरले अप्पा म्हणाले.

"ती हं सुद्धा म्हणत नव्हती."

"नव्हती."

इतक्या वर्षांनी भाऊ भावाशी बोलला ते हे. पातेल्यातून अक्काचा श्वास ऐकू येत होता. मग तिने विचारलं, "मग मी बोलले कोणाशी?"

घरात तेव्हा बायका दोनच होत्या. हे मला कळलं त्याच क्षणी दोघा भावांनाही कळलं, कारण थोरल्या अप्पांची नजर आधी कोपऱ्यात गेली आणि लगेच, घाईघाईने, भिंतीवरच्या फोटोवर जाऊन थांबली. धाकट्यांनी ती पाहिली. वाईट माणूस नव्हते ते. बायकोवर त्यांचा जीव होता. पण त्यांना त्या घटकेला भाऊ परत मिळत होता, आणि मेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो. ते घसा खाकरून म्हणाले, "अक्का, आमची कस्तूर जरा..."

"कस्तूरला मधी आणू नका," कोपऱ्यातून आत्याबाई म्हणाल्या. "ती तवा बाळंतपणाला माहेरी होती. मी बोलले."

त्यांनी सूप खाली ठेवलं. उठल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"तीन वर्सं मी काढली तिची. हगणं-मुतणं, समदं. ह्यांना दुकान होतं, ह्यांच्या भावाला दुकान होतं. संध्याकाळी दाराशी उभं राहून इचारायचे, कशी हाय? बरी हाय म्हनलं की जेवायला बसायचे. ती डोळे उघडायची, दाराकडं बगायची आन् पुन्ना मिटायची. कुनाला बगती ते मला कळत होतं. माझ्याकडं कदी नाही बगितलं तिनं तसं. मग तुमचा फोन आला. तुमी म्हनलात, आई का? माझ्या तोंडातून हं गेलं. मला वाटलं, आता ही येनार, शेवटच्या दिवशी गळ्यात पडून रडनार, आन् गाव म्हननार, लेकीनं केलं. तीन वर्सं मी केलं आन् लेकीनं केलं."

थोरले अप्पा त्यांच्याकडे असे बघत होते की जणू दुकानातलं एखादं जुनं भांडं उठून बोलू लागलंय.

"आणि इतकी वर्षं आम्ही..." ते म्हणाले. "तू गप्प बसलीस?"

"सुरुवातीला भ्याले," आत्याबाई म्हणाल्या. "मग भिंत झाली. चूल येगळी झाली. खरं सांगू? मला बरं वाटलं. आठ मानसांच्या भाकरीतनं चारावर आले."

मला हसू फुटलं. कसं फुटलं मला सांगता येणार नाही, ती हसायची वेळ नव्हती. मी पदर तोंडात धरला. पातेल्यातून मात्र कसलाच आवाज येत नव्हता. मला वाटलं अक्काने फोन ठेवला. तिने ठेवावा असंच मलाही वाटत होतं. सव्वीस-सत्तावीस वर्षं एक बाई त्या गावात, त्या पावसात, आपल्या आईने आपल्याला नको म्हटलं हे घेऊन राहिली होती. आणि ते आईने म्हटलेलंच नव्हतं.

"तुझं नाव काय?" अखेर आवाज आला.

"सुगला."

"सुगला, आईला कुठल्या कुशीवर झोप लागायची?"

आत्याबाईंनी मान वर केली. पण त्यांनी उत्तर द्यायच्या आधी अक्का पुढे म्हणाली, "थांब. मन्मथ, तू सांग. कुठल्या कुशीवर?"

थोरल्या अप्पांनी धाकट्यांकडे पाहिलं.

"वैजू, तू?"

धाकटे अप्पा फोटोकडे बघत राहिले. दोघं भाऊ, साठी उलटलेले, एकमेकांचं तोंड बघणाऱ्या नापास पोरांसारखे उभे होते.

"उजव्या," आत्याबाई म्हणाल्या. "डाव्या अंगाला जखमा झाल्या होत्या. गादी मी मधून कापून घेतली होती, त्या जागी लागू नये म्हनून."

बराच वेळ खरखर होत राहिली, आणि ती लाइनची नव्हती. मग अक्काने नाक शिंकरलं आणि अगदी नर्सच्या आवाजात म्हणाली, "तिकिटं मी आता दुसऱ्या नावाने काढतीय. सुगला, तू ये. तुला माफ केलं असं समजू नको, ते मला अजून माहीत नाही. पण आईची तीन वर्षं तुझ्याकडे आहेत. या दोघांना बोलावून मी काय ऐकू? अस्वलांविषयी मला माहिती आहे."

भाऊ एकदम बोलायला लागले. रेनकोट घेतलेत, पासपोर्ट झालेत, बुटांना काय करायचं. दोघं एकाच बाजूने भांडत होते, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुम्हाला पुढच्या साली बघू, तोवर आईविषयी काही आठवतं का बघा. मग मला म्हणाली, "शिवकांता, ती एकटी यायची नाही. तुझी इंग्रजी भूगोलापुरती तरी असेल. तू ये बरोबर."

आत्याबाई "मी नाही जात" म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर हिरवा रेनकोट घालून आरशापुढे उभ्या होत्या. तो त्यांना घोट्यापर्यंत येत होता. मी आत कमरेपासून दुमडून टाके घातले, आणि खांद्याच्या शिवणीला मेण लावलं. मेण त्यांनीच डब्यातून काढून दिलं.

आमचे पासपोर्ट आणि व्हिसा नव्याने करायचे होते, त्यात मे संपत आला. निघायच्या दिवशी दोघं अप्पा एसटी स्टँडवर आले, एकाच रिक्षातून. बोलत नव्हते, पण रिक्षा एकच होती. मागे घरात स्वयंपाक येणारं कोणी नव्हतं. पुढे आम्ही तिथून फोन केला तेव्हा राजशेखर म्हणाले, दोघं एकाच चुलीवर करतात. थोरले भात लावतात, तो खाली लागतो. धाकटे त्यावर वरण ओतून खातात आणि मग तांदळात पाणी किती यावरून जुंपते. मी आत्याबाईंना हे सांगितलं. "बोलाय लागले म्हन की मग," त्या म्हणाल्या, आणि चहा प्यायल्या.

रुपर्टच्या विमानतळावर अक्का पावसात उभी होती. उंच, सरळ, लाल कोट, केस पोरासारखे कापलेले. भेटल्यावर काय बोलायचं याची आत्याबाईंनी तीन विमानांत उजळणी केली होती, मला दहादा ऐकवली होती. समोर आल्यावर त्या म्हणाल्या, "केस कामून कापले?" अक्का म्हणाली, "वाळत नाहीत इथे." एवढ्यावर पहिला दिवस गेला. दोघी एकमेकींना घरातलं नवं जनावर बघावं तसं बघत होत्या. आत्याबाईंनी फ्रीज उघडला, आतला मासा पाहिला, फ्रीज मिटला आणि आमच्या धपाट्यांचा डबा खिडकीत ठेवून दिला.

बोटीने आम्ही खाडीतही जाऊन आलो. मी अस्वलं पाहिली, माय आणि दोन पिल्लं, गवतात माना घालून चरत होती, गावाकडच्या म्हशींसारखी. पाऊस असा की आकाश आणि समुद्र यांतला फरक मिटला होता. या दोघींनी काय पाहिलं मला माहीत नाही. त्या बोटीच्या आतल्या बाकावर बसल्या होत्या आणि आत्याबाई सांगत होत्या. सकाळी तिला कशी उठवायची, पेज कशी पाजायची, कुठला हात हलायचा, कुठल्या गाण्याला पापणी हलायची. अक्का मध्ये मध्ये नर्ससारखे प्रश्न विचारायची. ताप किती? गोळी कुठली? मग एकदम मुलीसारखे. केस किती राहिले होते? पिकले होते का?

हे असं रोज चाललं. आम्ही जायच्या आदल्या दुपारी दोघी घराच्या ओसरीत बसल्या होत्या. पुढे उतार, त्याखाली समुद्र, आणि पत्र्यावर पाऊस. मी कपडे भरत होते, दार उघडं होतं. आत्याबाईंचं सांगून संपलं होतं. आईचं शेवटचं दूध, शेवटची रात्र, मातीला कोण कोण आलं, सगळं. मग अक्काने विचारलं, "सुगला, एक विचारू? वाचा जायच्या आधी, कधी, तिने माझं नाव घेतलं होतं का?"

मी हातातला कपडा तसाच धरून उभी राहिले. मनातल्या मनात मी आत्याबाईंना म्हटलं, हो म्हणा. काय जातं तुमचं. एका हं ने तिची इतकी वर्षं घेतलीत, एका हं ने थोडी परत करा.

आत्याबाईंनी पदराने चष्मा पुसला. तिथे काही पुसून कोरडं होत नाही, तरी पुसला.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी खोटं एकदा बोलले, तेवढं बास. घरात तुमचं नाव घ्यायची बंदी होती, आन् ती मान वर करनारी बाई नव्हती. तुमचं नाव नाही घेतलं तिनं." मग म्हणाल्या, "माझं बी नाही घेतलं."

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती उठून आत जाईल. तिने आपली खुर्ची ओढली, पत्र्यावरचं पाणी आत्याबाईंच्या पायांवर उडत होतं त्या बाजूला नेऊन ठेवली, आणि त्यांना आडोसा करून बसली.